टर्बो गेला, पण कां गेला?

एकत्र कुटुंबाच्या दाराशीं मोटार उभी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. त्यांतही सात-आठ माणसें, मुलांच्या पिशव्या, फराळाचे डबे आणि परततांना आंब्यांच्या दोन पेट्या एवढें सगळें पोटांत घेऊन घाट चढणारी डिझेलची मोठी गाडी अशा कुटुंबांस विशेष सोयीची पडते. ज्यांची शेतीवाडी डोंगराच्या कुशींत आहे आणि जिकडील वाट पावसाळ्यांत चिखलानें भरून जाते, ते तर चारही चाकांना जोर पोंचविणारी ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ गाडीच पसंत करतात. अशा गाडीविषयीं घरांतील लहानथोरांस पुष्कळ माहिती असते. ती लिटरमागें किती चालते, तिच्यांत किती माणसें मावतात, ती घेतली तेव्हां किती पैसे मोजावे लागले, हें सर्व तोंडपाठ असतें. परंतु तिच्या एंजिनाला चिकटून नारळाएवढा एक भाग बसविलेला असतो, त्याचें नांव बहुतेकांच्या कानांवर प्रथम पडतें तें गॅरेजमधून आलेल्या फोनवरून. “साहेब, टर्बो गेला,” एवढेंच पलीकडचा माणूस सांगतो, आणि पाठोपाठ जो आकडा सांगतो तो ऐकून घरांतील कर्ता पुरुष क्षणभर गप्प होतो.

“नवा कितीला पडेल?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. आमच्या मतें पहिला प्रश्न निराळा असावयास हवा: “तो कां गेला?” टर्बो हा क्वचितच आपल्या मरणानें मरतो. त्याला तेल मिळत नाहीं, किंवा घाणेरडें तेल मिळतें, किंवा हवेबरोबर कांहीं कठीण वस्तु त्याच्या पोटांत जाते, आणि मग तो जातो. तें मूळ कारण तसेंच ठेवून नवा टर्बो बसविला, तर तें कारण नव्यालाही सोडीत नाहीं. आणि पुष्कळदां असेंही होतें कीं, टर्बो धडधाकट असतो, दोष दुसरीकडेच असतो, व “आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं” या न्यायानें पैसे मात्र टर्बोवर खर्च होतात. म्हणून या लेखांत टर्बोचें काम काय, त्याच्या आजाराची परीक्षा कोणत्या क्रमानें करावी, आणि तो बदलावाच लागला तर काय पाहावें, हें आम्ही शक्य तितक्या सोप्या भाषेंत सांगणार आहों. वाचकांनीं हातांत पाना घ्यावा अशी आमची अपेक्षा नाहीं. पाना घेणाराला योग्य प्रश्न विचारतां यावेत, एवढाच हेतु आहे.

ही फुंकणी चालते कशी?

चुलींतील लाकडें धुमसूं लागलीं म्हणजे आपल्या आज्या फुंकणी घेऊन फुंकर घालीत. जळण तेंच असे, पण वारा अधिक मिळतांच ज्वाळा उठे. टर्बोचें काम हेंच आहे. एंजिन आपल्या श्वासानें जेवढी हवा ओढील तेवढेंच डिझेल नीट जळणार. टर्बो बाहेरची हवा दाबून, कोंबून आंत घालतो, म्हणून त्याच आकाराचें एंजिन अधिक डिझेल जाळून अधिक जोर देऊं शकतें. या फुंकणीला फुंकणारा मनुष्य लागत नाहीं. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर जातां जातां एक पंखा फिरवितो, त्यास टर्बाइन म्हणतात. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोंकाला दुसरा पंखा असतो, तो कॉम्प्रेसर. तो हवा ओढून दाबतो. दाबल्यानें हवा तापते, म्हणून ती ‘इंटरकूलर’ नांवाच्या जाळींतून थंड करून मग एंजिनांत सोडतात.

ही कल्पना अल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियराची. त्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु ती व्यवहारांत उतरावयास वीस वर्षें लागलीं, आणि १९२५ सालीं डिझेल एंजिनाची शक्ति सुमारें चाळीस टक्क्यांनीं वाढवून दाखवितां आली. मध्यंतरीं १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानाचें एंजिन टर्बोसह पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेलें, आणि विरळ हवेंतही एंजिनाचा जोर टिकवितां येतो हें सिद्ध केलें. विक्रीच्या प्रवासी मोटारींत डिझेल आणि टर्बो यांची जोडी मर्सिडीझ-बेंझनें १९७८ सालीं प्रथम आणली. लडाखांतील खारदुंग ला ही खिंड सुमारें १७,५०० फूट उंचीवर आहे, आणि तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्याच्या आसपास असतो. तेथवर आपल्या मंडळींच्या गाड्या आतां चढून जातात, त्याचें बरेंचसें श्रेय या नारळाएवढ्या भागाकडे आहे.

परंतु या भागाचें जगणें मोठें कठीण आहे. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक, कांहीं लहान टर्बोंत तर दोन लाखांपर्यंत फेरे घेतो. एका टोंकास सातशें अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापलेला धूर असतो, दुसऱ्या टोंकास साधी हवा, आणि दोहोंमध्यें अंतर केवळ कांहीं बोटांचें. अशा वेगांत धातूला धातू घांसला तर क्षणार्धांत सत्यानाश होईल. म्हणून बहुतेक टर्बोंत हा शाफ्ट तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत ठेवलेला असतो. हें तेल एंजिनाच्याच चेंबरमधून एका बारीक नळीनें येतें, बेअरिंग ओलें व थंड ठेवतें, आणि दुसऱ्या जाड नळीनें परत चेंबरांत उतरतें. तेलाचा हा ओघ थांबला कीं टर्बोचे दिवस भरले. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका गोष्टींत आहे.

आजाराचीं लक्षणें

टर्बो बिघडूं लागला म्हणजे गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते, पण चढावर धाप टाकते. एरव्हीं तिसऱ्या गिअरवर सहज चढणारा घाट दुसऱ्यावर येतो. पिकप जातो. कधीं पोलीस-गाडीच्या भोंग्यासारखा सूर वेगाबरोबर वर चढतांना ऐकूं येतो, कधीं फुस्स असा हवा निसटल्याचा आवाज येतो. नव्या गाड्यांत फळीवर एंजिनाचा पिवळा दिवा लागतो व एंजिन आपण होऊन आपला जोर मर्यादित करून घेतें.

धुराचा रंग पाहावयास घरांतील कोणीही शिकूं शकतो. काळा दाट धूर म्हणजे डिझेलला हवा पुरत नाहीं. निळसर धूर म्हणजे एंजिनाचें तेल जळत आहे. पांढरा धूर राहून राहून येत असेल तर डिझेल न जळतां बाहेर पडत असेल, किंवा रेडिएटरचें पाणी आंत शिरत असेल. यांपैकीं काळा व निळा हे दोन रंग टर्बोकडे बोट दाखवूं शकतात; परंतु केवळ बोट दाखवितात, निकाल देत नाहींत. एअर फिल्टर तुंबला तरी काळा धूर येतो, आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या तरी निळा येतो.

एक गंभीर धोका

येथें एक गोष्ट सर्वांनीं, विशेषतः गाडी चालविणाऱ्या मुलामुलींनीं, नीट लक्षांत ठेवावी. टर्बोचें बेअरिंग फारच झिजलें म्हणजे एंजिनाचें तेल हवेच्या वाटेनें सरळ एंजिनांत शिरूं लागतें. डिझेल एंजिनाला हें तेलही जाळतां येतें. मग तें आपल्याच तेलावर बेफाम धांवूं लागतें. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी वेग वाढत जातो, मागें निळ्यापांढऱ्या धुराचे लोट उठतात, आणि किल्ली बंद केली तरी एंजिन थांबत नाहीं, कारण किल्ली डिझेल बंद करते, तेल नव्हे.

अशा वेळीं गाडी हातानें गिअर बदलण्याची असेल तर ती बाजूस घेऊन थांबवावी, पायाचा व हाताचा असे दोन्ही ब्रेक घट्ट लावावे, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा. एंजिन गुदमरून बंद पडतें. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत हा उपाय चालत नाहीं. जाणता मिस्त्री जवळ असेल तर तो हवेच्या नळीचें तोंड जाड सपाट फळीनें दाबून एंजिनाचा श्वास कोंडतो. हात किंवा फडकें तेथें कधींही नेऊं नये. यांतील कांहींच शक्य नसेल तर मुलांमाणसांना उतरवून दूर न्यावें. गाडी पुन्हां मिळेल. म्हणून निळा धूर दिसूं लागला आणि तेलाची पातळी वरचेवर उतरूं लागली कीं, “पुढच्या महिन्यांत पाहूं” असें म्हणूं नये.

एका घरांतील हकीगत

सातारा जिल्ह्यांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलेली हकीगत येथें सांगण्यासारखी आहे. तीन भावांचें एकत्र कुटुंब. पाटणकडे थोडी शेती, म्हणून चारही चाकांना जोर देणारी डिझेल गाडी. चिपळूणहून परततांना कुंभार्ली घाटांत ती अडखळली. काळा धूर, बारीक शिटी, आणि जोर नाहीं. धाकट्या भावानें ती शहरांतील एका गॅरेजांत नेली. तेथें संध्याकाळपर्यंत नवा टर्बो बसला, साठ हजारांच्या आसपास बिल झालें, आणि गाडी घरीं आली.

तीन आठवडे लोटतात न लोटतात तोंच पुन्हां शिटी सुरू झाली, आणि या वेळीं निळ्या धुरासह. गॅरेजवाला म्हणाला, माल सदोष होता. माल विकणारानें टर्बो उघडून पाहिला आणि बेअरिंगवरचा जळका निळाकाळा रंग दाखवून म्हटलें, याला तेलच मिळालेलें नाहीं, भरपाई कसली मागतां? घरांतही शब्दाला शब्द लागला. थोरल्या भावाच्या हातीं घरखर्चाची किल्ली, त्यांनीं धाकट्यास विचारलें, “एवढे पैसे मोजतांना कारण तरी विचारलेंस कां?” धाकट्यानें उत्तर दिलें, “दादा, त्यांनीं टर्बो गेला म्हणून सांगितलें, याहून आणखी कारण तें काय असणार?”

शेवटीं कऱ्हाडच्या एका वृद्ध मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं टर्बोकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. “अण्णा, टर्बोचें मागाहून,” ते थोरल्या भावास म्हणाले, “आधीं त्याला तेल पोंचतें कीं नाहीं तें पाहूं.” त्यांनीं तेलाची बारीक नळी सोडवून तिच्यांत फुंकर घातली. फुंकर आरपार जाईना. नळीच्या आंतून तेलाचा कोळसा धरला होता. मग चेंबर उतरविला. तळाशीं काळा चिकट गाळ, आणि तेल ओढून घेणाऱ्या जाळीचीं निम्मीं छिद्रें त्या गाळानें बुजलेलीं. पहिला टर्बो तेलावांचून मेला होता, आणि दुसऱ्यालाही त्याच उपाशी घरांत आणून बसविलें होतें.

“तेल केव्हां बदललें होतें?” मिस्त्रींनीं विचारलें. यावर कोणालाच नक्की सांगतां येईना. थोरल्यांना वाटत होतें मधल्यानें बदललें असेल. मधला समजत होता धाकट्यानें. धाकट्याची समजूत अशी कीं, असलीं कामें दादाच पाहतात. गाडी चौघे चालवीत होते आणि काळजी कोणीच वाहत नव्हता. सामायिक विहिरीचा गाळ जसा वर्षानुवर्षें राहतो, तसाच हा चेंबरांतला गाळ राहिला होता. आमच्या मतें त्या घरांत दोष यंत्राचा थोडा आणि व्यवस्थेचा अधिक होता. आणि जेथें गाडी सर्वांची असते त्या प्रत्येक घरानें ही गोष्ट स्वतःस लावून पाहावी.

परीक्षेचा क्रम

चांगला वैद्य आधीं जीभ व नाडी पाहतो, शस्त्र मागाहून उचलतो. टर्बोच्या बाबतींतही स्वस्त व सोप्या गोष्टी प्रथम पाहाव्या.

आरंभीं स्कॅनर लावून एंजिनाच्या संगणकांत नोंदलेला दोष वाचतात. हवेचा दाब अपेक्षेहून कमी असेल तर बहुधा ‘पी ०२९९’ हा आकडा मिळतो, आणि अधिक असेल तर ‘पी ०२३४’. येथेंच पुष्कळ जण फसतात. हा आकडा म्हणजे ‘ताप आहे’ एवढेंच सांगणें झालें. ताप कशानें आला हें तो सांगत नाहीं.

नंतर हवेची वाट पाहावी. एअर फिल्टर स्वच्छ आहे काय? टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत व तेथून एंजिनापर्यंत जाणारे रबरी होज पाइप कोठें चिरले आहेत काय? त्यांचे क्लॅम्प सैल आहेत काय? चिरेच्या भोंवतीं बहुधा तेलकट काळा डाग असतो. एंजिन मंद चालत असतांना दाब फार थोडा असतो, त्यामुळें चीर कळून येत नाहीं. म्हणून चांगल्या गॅरेजांत ही वाट दोन्ही बाजूंनीं बंद करून तिच्यांत बेताचा दाब भरतात आणि सांध्यांवर साबणाचें पाणी लावतात. जेथें बुडबुडे येतील तेथें गळती. कित्येक ‘गेलेले’ टर्बो एका साध्या पाइपानें किंवा क्लॅम्पानें पुन्हां ठणठणीत झालेले आहेत.

तिसरी पाहण्याची गोष्ट टर्बोचा लगाम. हल्लींच्या बहुतेक डिझेल गाड्यांत टर्बाइनभोंवतीं लहान लहान पाकळ्या असतात, आणि त्या कमीजास्त उघडून दाब राखला जातो. त्या हलविणारी दांडी कांहीं गाड्यांत निर्वात-नळीनें चालते, कांहींत विजेनें. ती बारीक रबरी नळी फाटली तरी टर्बो निपचित पडतो. गाडी सदा गावांतल्या गावांत, मंद वेगानें फिरत असेल तर या पाकळ्या काजळीनें चिकटून बसतात. दांडी पूर्ण सरकते कीं मध्यें अडकते, हें मिस्त्रीला हातपंपानें किंवा स्कॅनरनें पाहतां येतें. याबरोबरच धूर परत फिरविणारा ई. जी. आर. व्हॉल्व्ह उघडा तर राहिला नाहीं ना, दाब मोजणारा सेन्सर काजळीनें माखला नाहीं ना, आणि सायलेन्सरची वाट तुंबली नाहीं ना, हेंही पाहून घ्यावें.

एवढें झाल्यावर मग खुद्द टर्बोला हात लावावा. एंजिन बंद व पूर्ण थंड असतां हवेचा पाइप काढून कॉम्प्रेसरच्या पंख्याचें टोंक दोन बोटांत धरावें. तें अलगद फिरलें पाहिजे. वरखालीं किंचित हललें तर भिऊं नये. तेलाचा पडदा बसावा म्हणून तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. परंतु तें आंतबाहेर हललेलें बोटांस कळलें, किंवा पंख्याचीं पातीं भोंवतालच्या कवचास घांसलेलीं दिसलीं, तर बेअरिंग गेलें असें समजावें. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या असतील तर हवेबरोबर कांहीं कठीण पदार्थ आंत गेला आहे. पाइपांत तेलाचा पातळ लेप दिसणें स्वाभाविक आहे. थारोळें दिसलें तर मात्र विचार करावा. तेव्हांही घाई नको. टर्बोमधून तेल परत नेणारी जाड नळी तुंबली असेल, किंवा झिजलेल्या रिंगांमुळें वा बुजलेल्या ब्रीदरमुळें चेंबरांत वाफेचा दाब वाढला असेल, तर चांगल्या टर्बोंतूनही तेल बाहेर ढकललें जातें.

मेलेला टर्बो काय सांगतो?

टर्बो काढल्यावर तो भंगारांत टाकण्यापूर्वीं नीट पाहावा आणि मिस्त्रीकडून समजून घ्यावा. शाफ्ट जळून निळा-काळा पडला असेल तर तेल कमी पडलें. बेअरिंगवर बारीक ओरखडे असतील तर तेल घाणेरडें होतें. कॉम्प्रेसरचीं पातीं मोडलीं असतील तर फिल्टर फाटका होता, किंवा मागील कामांत एखादा नट पाइपांत राहिला. टर्बाइनचीं पातीं मोडलीं असतील तर एंजिनाच्या आंतूनच कांहीं तुकडा निसटला आहे, आणि तो कशाचा हें कळल्यावांचून पुढें जाणें धोक्याचें. पंखे अतिवेगानें फिरल्याच्या खुणा असतील तर हवेची गळती, किंवा अधिक जोरासाठीं संगणकाच्या मांडणींत कोणी केलेली ढवळाढवळ, यांचा संशय घ्यावा. कांहीं डिझेल एंजिनांत इंजेक्टरच्या बुडाशीं असलेले तांब्याचे वॉशर गळूं लागतात आणि जळणाचा धूर तेलांत मिसळून त्याचा गाळ करतो. तेल वेळेवर बदलूनही गाळ होत असेल तर हें अवश्य पाहून घ्यावें.

बदलतांना काय पाहावें?

नवा टर्बो घ्यावा कीं जुन्याचा मधला ‘कोअर’ बदलून घ्यावा, हा पैशाचा प्रश्न आहे. दोन्ही चालतात, मात्र कोअर यंत्रावर तोलून घेतलेला असला पाहिजे. मिनिटाला लाख फेरे घेणाऱ्या शाफ्टांत गुंजेएवढाही असमतोल खपत नाहीं. म्हणून नुसत्या हातानें बेअरिंगें बदलून दिलेला टर्बो स्वस्त पडला तरी घेऊं नये.

कामाच्या दिवशीं पुढील गोष्टी झाल्या कीं नाहीं हें मालकानें विचारावें. बॅटरीची तार सोडली होती काय? गंजलेले बोल्ट आदल्या रात्रीं तेलांत भिजविले होते काय? कारण धुराच्या बाजूचे बोल्ट उष्णतेनें धरून बसतात, आणि जोर करतांच मोडतात. तेल आणणारी नळी नवी घातली काय? ती साफ करून पुन्हां बसविण्यापेक्षां नवी घालणें केव्हांही चांगलें, कारण तिच्या आंतला कोळसा डोळ्यांना दिसत नाहीं. परतीची नळी मोकळी आहे काय? तांब्याचे वॉशर व पॅकिंग नवीं आहेत काय? तेलाच्या सांध्यांवर चिकट लेप मुळींच लावूं नये. त्याचा दाबलेला कण सुटून नळींत गेला तर आपणच नव्या टर्बोचा गळा आवळला असें होतें. इंटरकूलर व पाइप धुऊन त्यांतलें तेल व धातूचे कण काढले काय? जुन्या टर्बोचे तुकडे तेथें दडून बसतात आणि नंतर सरळ एंजिनांत जातात. एंजिनाचें तेल, तेलाचा फिल्टर व एअर फिल्टर हे तिन्ही त्याच दिवशीं बदलावे. गाळाचा संशय असेल तर चेंबर उतरवून जाळी पाहावी.

आतां सर्वांत महत्त्वाची पायरी. नवा टर्बो कोरडा असतो. म्हणून बसवितांना त्याच्या तेलाच्या छिद्रांत स्वच्छ तेल ओतून शाफ्ट बोटानें कांहीं वेळां फिरवावा. सर्व जोडून झाल्यावर डिझेलचा पुरवठा बंद ठेवून, थांबून थांबून थोडा थोडा वेळ सेल्फ मारावा, म्हणजे एंजिन सुरू न होतां तेल टर्बोपर्यंत चढतें. तेलाचा लाल दिवा विझल्यावर मगच एंजिन सुरू करावें, आणि चार-पांच मिनिटें मंद चालूं द्यावें. या वेळीं रेस देण्याचा मोह आवरावा. सांधे गळत नाहींत हें पाहून, एक फेरी मारून, पुन्हां तेलाची पातळी बघावी. जुना टर्बो बरेच दिवस तेल ओकत असेल तर सायलेन्सरमध्यें सांचलेलें तेल जळेपर्यंत कांहीं वेळ धूर येत राहतो. तेवढ्यावरून नव्यास नांवें ठेवूं नयेत.

घरांत पाळावयाचे नियम

टर्बोचें आयुष्य मिस्त्रीच्या हातीं थोडें आणि घरच्यांच्या हातीं पुष्कळ असतें. सकाळीं गाडी सुरू करतांच रेस देऊं नये. अर्धा मिनिट थांबलें तरी तेल सर्वत्र पोंचतें. घाट चढून आल्यावर, किंवा महामार्गावरून वेगानें येऊन चहासाठीं थांबल्यावर, एक-दोन मिनिटें एंजिन मंद चालूं द्यावें आणि मगच किल्ली फिरवावी. एंजिन एकदम बंद केलें कीं तेलाचा ओघ थांबतो, आणि तापलेल्या टर्बोंत अडकलेलें तेल तेथेंच भाजून त्याचा कोळसा होतो. ओढा ओलांडण्यापूर्वींही तापलेली गाडी क्षणभर विसावूं द्यावी. लालबुंद बिडाला एकाएकीं थंड पाणी लागणें बरें नव्हे. पुस्तिकेंत सांगितलें असेल त्याच प्रतीचें तेल घालावें. धूळ, चिखल, डोंगर अशा ठिकाणीं फिरणाऱ्या गाडीचें तेल व फिल्टर पुस्तिकेंतील मुदतीच्या आधींच बदलावे. कागदी फिल्टर आपटून झटकूं नये; फाटला तर टर्बोच्या तोंडीं धूळ जाते.

आणि शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे. गाडीच्या खणांत एक लहान वही ठेवावी. तेल कोणत्या तारखेस, किती किलोमीटरवर, कोणत्या प्रतीचें घातलें; फिल्टर केव्हां बदलला; पुढची खेप केव्हां; हें तींत लिहावें, आणि तें लिहिण्याचें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे सोंपवावें. ती व्यक्ति गाडी चालविणारीच असली पाहिजे असें नाहीं. ज्या घरांत दुधाचा, वाण्याचा, धोब्याचा हिशेब पैपर्यंत ठेवणारी सून किंवा सासू आहे, तिच्याकडे ही वही दिली तर गाडीचें तेल चुकण्याची भीति उरणार नाहीं. एवढें करूनही कधीं फोन आलाच कीं, “साहेब, टर्बो गेला,” तर वही हातांत घेऊन शांतपणें विचारावें, “बरें, पण कां गेला?” या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैशाची पिशवी उघडूं नये.